लेसन : दुकानात थर्ड-पार्टी चार्जर ठेवताना कोणता घ्यायचा, कोणता परत पाठवायचा



मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, सगळ्यात जास्त काय खपतं?" उत्तर सोपं आहे. टेम्पर्ड ग्लास, कव्हर, केबल आणि चार्जर. कव्हर खराब निघालं तर गिऱ्हाईक फार तर चिडतं. चार्जर खराब निघाला तर कोणाच्या तरी घरातल्या बोर्डवर २३० व्होल्ट उघडे पडतात. म्हणून चार्जरसाठी हा वेगळा लेसन. व्हिडिओत वेळेअभावी राहिलेलंही इथे लिहितो आहे. वही घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. साकोलीत हायवेवरची गिऱ्हाईकी असते आणि आजूबाजूच्या गावांतून बाजाराला येणारी मंडळी असतात. दोघांचीही मागणी एकच, "भाऊ, स्वस्तातला दे." नागपूरहून एका होलसेलवाल्याकडून मी ५० चार्जरचा बॉक्स आणला. पीसमागे ५५ रुपये, कच्चं बिल. डब्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त "फास्ट चार्जर" असं मोठ्या अक्षरात. मी १२० ला विकायला लागलो. बीबीए केलेला माणूस, मार्जिनचा हिशोब तोंडपाठ! दुप्पट पैसे होतात म्हणून खूश होतो.

रोवणीच्या दिवसांत एक काकू दुकानात आल्या. हातात त्या चार्जरची नुसती टोपी. पिना बोर्डातच राहिल्या होत्या. त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाने केबल धरून ओढली आणि चार्जरचा वरचा भाग त्याच्या हातात आला. त्या वेळी लाईन गेलेली होती, म्हणून पोरगा वाचला. नंतर कोणीतरी मेन स्विच बंद करून पक्कडीने पिना काढल्या.

मी गल्ल्यातून १२० रुपये काढून पुढे केले. काकू म्हणाल्या, "तुझ्या दुकानातला होता म्हणून बिनधास्त लावला होता रे बाबू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री बॉक्स उघडून मोजलं. १९ पीस शिल्लक होते, म्हणजे ३१ विकले गेले होते. कोणाला विकले, माहीत नाही. बिल दिलं नव्हतं, नंबर लिहिला नव्हता. होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "माल वरून येतो भाऊ, मी काय करू?" दुकानाबाहेर पाटी लावली, "या डब्यातला चार्जर घेऊन या, पूर्ण पैसे परत घ्या." महिनाभरात ९ आले. उरलेले २२ कोणाच्या घरी होते, ते मला आजही माहीत नाही.

आजचा लेसन या २२ चार्जरवर आहे.

थर्ड-पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे

गिऱ्हाईकाच्या आणि नवीन दुकानदाराच्या डोक्यात इथेच गोंधळ असतो. बाजारातले चार्जर तीन प्रकारचे समजा.

१. ओरिजनल : फोनच्या कंपनीचा स्वतःचा.
२. थर्ड-पार्टी ब्रँडेड : दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला. नाव, पत्ता, मॉडेल, वॉरंटी, सगळं उघड असतं.
३. डुप्लिकेट किंवा बेनाम : एक तर मोठ्या कंपनीचं नाव चोरून छापलेलं, ज्याला बाजारात "फर्स्ट कॉपी" म्हणतात, किंवा नावच नाही.

दुसरा प्रकार विकण्यात काहीच गैर नाही. ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून डब्यात चार्जर देणं बंद केलं. सॅमसंगने जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ पासून तेच केलं. फोनच्या डब्यातून चार्जर गेला, म्हणजे तो आपल्या काउंटरवर आला. हा चांगला धंदा आहे. फक्त तो दुसऱ्या प्रकारात करायचा, तिसऱ्यात नाही.

"फर्स्ट कॉपी"बद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क छापलेला खोटा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. "सगळेच विकतात" हे उत्तर तिथे चालत नाही.

चार्जरच्या आत काय असतं?

हे समजलं की स्वस्त चार्जर स्वस्त का आहे तेही समजतं.

बोर्डातून २३० व्होल्ट एसी येतो. फोनला साधारण ५ किंवा ९ व्होल्ट डीसी लागतो. चार्जरच्या आत एका बाजूला घरची लाईन, दुसऱ्या बाजूला फोनची लाईन आणि मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. या दोन बाजूंमध्ये पुरेसं अंतर आणि चांगलं इन्सुलेशन हवं. ते टिकलं तर केबलच्या टोकाला हात लागला तरी काही होत नाही. ते फुटलं तर २३० व्होल्ट केबलमधून फोनपर्यंत आणि हातापर्यंत येऊ शकतात. बेनाम माल बनवणारा पैसे वाचवतो तो नेमका इथेच. इन्सुलेशन कमी, फ्यूज गायब, पिना नुसत्या दाबून बसवलेल्या. हे काहीही बाहेरून दिसत नाही. फोन चार्ज होतो, त्यामुळे गिऱ्हाईकालाही शंका येत नाही.

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहकसंरक्षणाच्या यंत्रणेने एक निकाल जाहीर केला. यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ॲपलचे ४०० नकली चार्जर तपासले होते. धक्क्यापासून वाचवणारं पुरेसं इन्सुलेशन त्यातल्या फक्त ३ चार्जरमध्ये निघालं. चारशेत तीन! दिसायला सगळे ओरिजनलसारखेच होते.

"जास्त वॅटचा चार्जर लावला तर फोन उडतो का?"

काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. याचं उत्तर नीट देता आलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक इथेच तुमचा अभ्यास ओळखतं.

उत्तर आहे, नाही. चार्जरवरचा वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. टाकी हजार लिटरची असली म्हणून ग्लासात हजार लिटर ओतलं जात नाही, तसंच. चांगला ६५ वॅटचा चार्जर साध्या फोनला लावला तर फोन आपल्यापुरतंच घेतो. फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आधी आपसात बोलतात. दोघांची पद्धत जुळली तर ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त मिळतात. जुळली नाही तर साधे ५ व्होल्ट चालू राहतात आणि फोन हळू चार्ज होतो. "माझ्या फोनला फास्ट होत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. फोनच्या कंपनीची पद्धत वेगळी आणि चार्जरची वेगळी.

ही सगळी खात्री चांगल्या चार्जरची आहे. आत बिघाड असलेला चार्जर ५ वॅटचा असला तरी धोक्याचा.

काउंटरवरची पाच मिनिटांची तपासणी

नवीन माल आला की विकायला लावण्याआधी एक पीस उघडा आणि या क्रमाने बघा.

१. बीआयएसचा आर-नंबर. आपल्या देशात २०१२ च्या सरकारी आदेशापासून अशा ॲडॉप्टरना भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, मानकाचा क्रमांक (बऱ्याच चार्जरवर आयएस १३२५२ भाग १ असा दिसतो) आणि "आर" अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. नुसतं "सीई" लिहिलेलं असेल तर ते युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे. आपल्याकडे त्याने काम भागत नाही.

२. नंबर खरा आहे का? नंबर छापायला कोणीही छापतो. मोबाईलवर "बीआयएस केअर" ॲप घ्या. त्यात आर-नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते नाव आणि ब्रँड हातातल्या डब्याशी जुळवा. ॲपमध्ये एलईडी बल्बवाली कंपनी आली आणि हातात चार्जर असेल, तर समजा नंबर चोरीचा आहे. डबा परत.

३. आउटपुटची ओळ. डब्यावर "६५ वॅट" मोठ्याने छापलेलं असतं. चार्जरवरची बारीक ओळ वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट आणि २.४ अँपिअर लिहिलं असेल तर झाले १२ वॅट. डबा ६५ म्हणतो, चार्जर १२ म्हणतो, म्हणजे छापणारा खोटं बोलतो आहे. जो इथे खोटं बोलतो त्याच्या इन्सुलेशनवर विश्वास ठेवू नका.

४. इनपुटची ओळ. १०० ते २४० व्होल्ट असं हवं. आपल्या भागात धानाच्या हंगामात मोटारपंप चालू झाले की संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं. तेव्हाही चार्जर नीट चालायला हवा.

५. पिना आणि बॉडी. पिना हलतात का, बोर्डात घट्ट बसतात का, दोन भागांचा जोड नखाने उघडतो का, ते बघा. माझा ५५ रुपयांचा चार्जर या एका तपासणीत बाद झाला असता. मी केलीच नव्हती.

६. डब्यावरचा मजकूर. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, कस्टमर केअर नंबर, आयात माल असेल तर देशाचं नाव. पॅकबंद मालावर हे असणं २०११ च्या वजनमापे नियमांनी बंधनकारक आहे.

७. लोड लावून बघा. यूएसबी टेस्टर नावाचं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं. फोन चार्जिंगला लावून साध्या ५ व्होल्टच्या चार्जरचं व्होल्टेज बघा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये राहिलं पाहिजे. अर्ध्या तासाने चार्जरला हात लावा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर तो माल नको.

वजनाची एक गोष्ट. हलका चार्जर नकली, जड चार्जर असली, असं बरेच जण सांगतात. नकली माल जड करणं अजिबात अवघड नाही. त्यामुळे फक्त वजनावर जाऊ नका.

केबलकडेही बघा. टाइप-सी ते टाइप-सी साधी केबल ३ अँपिअरपर्यंतची असते. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. महाग चार्जर आणि ४० रुपयांची केबल एकत्र दिली की "चार्जर खराब दिला" म्हणून गिऱ्हाईक परत येणार. टोकाला प्लास्टिक वितळलेलं किंवा तार उघडी पडलेली केबल घेऊन कोणी आलं, तर टेप लावून देऊ नका. नवीन घ्यायला सांगा.

हिशोब : ५५ चा चार्जर खरंच स्वस्त आहे का?

समजा, बेनाम चार्जर ५५ ला घेतला, १२० ला विकला. दहा विकले तर ६५० रुपये सुटले. त्यातले तीन महिन्याभरात परत आले आणि बदलून दिले, तर १६५ गेले. उरले ४८५. त्याशिवाय तीन गिऱ्हाइकांची तोंडं आंबट झाली ती वेगळी.

आता ब्रँडेड समजा २४० ला घेतला, ३४९ ला विकला. दहा विकले तर १,०९० रुपये. खराब निघाला तर वॉरंटीत डिस्ट्रिब्युटर बदलून देतो.

"पण सर, भांडवल जास्त अडकतं!" बरोबर आहे. दहा पीसला ५५० च्या जागी २,४०० लागतात. म्हणून सुरुवातीला पन्नासचा बॉक्स उचलूच नका. साधा १० ते १२ वॅटचा, २० वॅटचा आणि ३३ वॅटच्या आसपासचा, असे तीन प्रकार, प्रत्येकी चार-पाच पीस ठेवा. गावाकडे कीपॅड फोन अजून आहेत, त्यांच्यासाठी मायक्रो यूएसबी केबल ठेवा. संपलं की परत आणा.

कायदा कोणाला पकडतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवीन दुकानदाराला वाटतं, "मी कुठे बनवला? मी तर फक्त विकला." मलाही तसंच वाटत होतं.

बीआयएस कायदा, २०१६ बनवणाऱ्याबरोबर विकणाऱ्यालाही धरतो. ज्या वस्तूला नोंदणी सक्तीची आहे ती त्याशिवाय विकली, तर पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या वेळी दंड किमान ५ लाख.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, जो जुलै २०२० पासून लागू आहे, सदोष मालाच्या नुकसानभरपाईचं वेगळं प्रकरण आहे. त्यातलं कलम ८६ प्रत्येक दुकानदाराने वाचायला हवं. साध्या भाषेत ते असं सांगतं : माल बनवणारा कोण ते माहीतच नसेल, किंवा त्याला नोटीस पोचवता येत नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. बनवणाऱ्याने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाईकापर्यंत पोचवली नाही तरीही येऊ शकते.

म्हणजे बघा, नाव नसलेला चार्जर शेवटी तुमच्या नावावर येतो. डब्यावर कोणाचं नाव नाही, बिलावर कोणाचं नाव नाही, आणि गिऱ्हाईकाला आठवतं ते एकच नाव, तुमच्या दुकानाचं.

म्हणून तीन सवयी लावा.

एक, पक्क्या बिलाशिवाय चार्जर दुकानात घ्यायचा नाही. बर्डीवरचा कितीही ओळखीचा होलसेलवाला असो.

दोन, चार्जर विकताना छोटं का होईना, बिल द्यायचं आणि त्यावर मॉडेल लिहायचं.

तीन, एक रजिस्टर ठेवायचं. तारीख, ब्रँड-मॉडेल, बॅच असेल तर ती, आणि गिऱ्हाईकाचं नाव-नंबर. "काका, उद्या या मालात काही निघालं तर मला तुम्हाला कळवता आलं पाहिजे," असं सांगितलं की लोक आनंदाने नंबर देतात. माझ्याकडे हे रजिस्टर असतं, तर ते २२ फोन मी एका संध्याकाळी केले असते.

माल परत घेण्याची लाज वाटू देऊ नका. २०१३ मध्ये चीनमधल्या एका तरुणीचा चार्जिंगला लावलेला फोन वापरताना धक्का लागून मृत्यू झाल्याची बातमी आली आणि नकली चार्जरची चर्चा सुरू झाली. त्या ऑगस्टमध्ये ॲपलने योजना काढली. दुसऱ्याने बनवलेला संशयास्पद चार्जर आणून द्या आणि आमचा अस्सल चार्जर १० डॉलरला घ्या. तो माल त्यांनी विकलेलाही नव्हता! आपण तर स्वतः विकलेला असतो.

गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं?

"स्वस्तातला दे" म्हणणाऱ्याला भाषण देऊ नका. मी दोन वाक्यं बोलतो. "दादा, हा ३४९ चा आहे. याच्यावर सरकारी नंबर आहे, तुमच्यासमोर मोबाईलवर टाकून दाखवतो." नंबर टाकून दाखवायला अर्धा मिनिट लागतो आणि बहुतेक वेळा सौदा तिथेच होतो. कोणी तरीही म्हणतं, "राहू दे, बाजारात १०० ला मिळतो." जाऊ द्या. सगळी गिऱ्हाईकं आपली नसतात.

चार्जर हातात देताना या पाच सूचना तोंडी सांगा. मी छापील चिठ्ठीही डब्यात टाकतो.

• चार्जर बोर्डात ढिला बसत असेल तर बोर्ड बदला, कागद खुपसू नका.
• चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गादीवर, गोधडीत ठेवू नका.
• ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर उभं राहून चार्जरला हात लावू नका.
• विजा चमकत असतील तेव्हा चार्जर बोर्डातून काढून ठेवा.
• बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद आणि थेट दुरुस्तीला.

घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर फारच चांगलं. आणि हेही सांगा की बहुतेक फोन कंपन्या दुसऱ्या कंपनीच्या ॲक्सेसरीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. हे आधी सांगितलं तर तो प्रामाणिकपणा. नंतर सांगितलं तर ते भांडण.

गृहपाठ

१. आज घरातले सगळे चार्जर एका जागी गोळा करा. प्रत्येकाचा आर-नंबर बीआयएस केअरवर टाका. किती खरे निघाले ते वहीत लिहा.
२. प्रत्येकाची आउटपुटची ओळ वाचून वॅट काढा.
३. जवळच्या दोन होलसेलवाल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा, "पक्कं बिल आणि रिप्लेसमेंट देता का?" जो गडबडतो त्याचं नाव यादीतून काढा.

शंका आली तर बीआयएसचं शाखा कार्यालय नागपुरातच आहे. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्या काकू आजही दुकानात येतात. मागच्या वेळी नातू सोबत होता, आता चांगला उंच झाला आहे. कव्हर घेतलं आणि चार्जर मागितला. मी डबा उघडून नंबर मोबाईलवर टाकायला लागलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे, तू देतेस तर चांगलाच असेल."

मी तरीही टाकला, दाखवला आणि रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहिलं.

गृहपाठात काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. खोटा नंबर सापडला तर तेही सांगा, बाकीच्यांना उपयोग होईल. भेटू पुढच्या लेसनमध्ये.